कोरड्यावरची कॅप्टन

शाळेला कयाक, म्हणजे एकटीनं वल्हवायची अरुंद होडी, मिळाली त्या वर्षी दुष्काळानं तलावाचं डबकं केलं होतं. म्हणून मुली कयाकमध्ये बसल्या त्या मैदानावरच. पंडित सरांना चारा छावणीवर काम लागलेलं. कयाकसोबत आलेला रंगीत कागद त्यांनी दहावीतल्या शिवकन्येच्या हातात दिला. "तू कॅप्टन. शिकव सगळ्यांना."

कागदावर एकच फोटो. पाठ ताठ, वळायचं कंबरेतून, वल्हं एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. पण पाण्यात ते कुठून कुठं न्यायचं, हे काही फोटोत दिसेना. शिवकन्येनं विचार केला, पुढं जायचंय तर पुढंच ढकलायला पाहिजे! महिनाभर तिनं पाच मुलींकडून मातीत तेच घोटून घेतलं. कयाक काही जागची हलत नव्हती, त्यामुळं कुणाचंच काही चुकत नव्हतं.

निवडीच्या दिवशी सगळे डबक्यावर जमले. ते पाणी मच्छीमार सोसायटीच्या ताब्यात. चेअरमन बंकटआप्पांनी अर्धा तास दिला होता, "माझे मासे भेदरवू नका" या अटीवर. सोसायटीचा तराफा कयाक ओढत मधोमध नेणार, तिथून मुलीनं सर उभे असलेल्या काठाला यायचं. सगळ्यात लवकर येईल ती विभागीय स्पर्धेला जाणार. जागा एकच, आणि ती आपलीच, हे शिवकन्येनं घरी, गिरणीत आणि टँकरच्या रांगेत सांगून ठेवलेलं.

"सर, घड्याळ लावा!" ती पाण्यातून ओरडली. पाठ ताठ केली, कंबरेतून वळली आणि जोरात ढकललं.

कयाक एकदम सरळ रेषेत, झोकात, मागं निघाली.

शिवकन्या काठाकडं बघून हसत होती आणि काठ लहान होत होता. तिनं आणखी जोर लावला. काठ आणखी लहान झाला.

"अगं बाई, तोंड हिकडं आन चाललीस कुटं?" म्हशी घेऊन आलेल्या कडूबाईनं हाळी दिली.

"निरोप घ्यायलीय जनू!" आप्पा म्हणाले, आणि अख्खा काठ खिदळला.

पलीकडच्या चिखलात कयाक रुतली. तराफ्यानं ओढून आणली तेव्हा शिवकन्येचे कान तापले होते. आता बाकीच्यांनी तरी सावरावं, एवढंच तिला वाटत होतं.

दुसरीही मागं गेली. तिसरीही. प्रत्येकीची पाठ ताठ, तोंड काठाकडं आणि नजर थेट शिवकन्येवर. पाचही जणी, शेवटची केसर धरून, एकेक करत तिच्याकडं बघत बघत दूर गेल्या. तिला मान खाली घालायलाही लाज वाटायला लागली.

सरांनी घाम पुसला. "काठ कुठला का असंना, लवकर शिवकन्याच पोचली. लिहू का नाव?"

तिनं नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"न्हाई सर. केसरचं लिहा. पहिल्या दिवशी ती वल्हं आपल्याकडं ओढायलती. तेच बरोबर आसंल. मी तिला समद्यांसमोर येडी म्हणलं, आन आठ दिवस येगळं बसवून ढकलायला लावलं."

सगळे केसरकडं बघायला लागले. आप्पांनी पाच मिनिटं वाढवून दिली. तराफ्यानं केसरला पुन्हा मधोमध नेलं. तिनं वल्हं उचललं.

"ओढ, केसर, ओढ!" शिवकन्या जीव तोडून ओरडली.

"ओढायलेच की गं!" केसरचा आवाज लांब लांब जात होता. "पर हात आपसूक ढकलायलेत! लई मन लावून शिकवलंस गं तू!"