मीटरला न दिसणारी चिप

तपासणी कार्यालयात बाईंनी श्रवणयंत्र टेबलावर ठेवलं, तेव्हा अकरा वाजले होते आणि साहेब जागेवर होते, हे आधी नोंदवायला हवं. बाई चिपा बनवणाऱ्या इंजिनिअर. पाच वर्षं डोळे फोडून त्यांनी पाऊण व्होल्टावर चालणारी चिप केली होती. शेंगदाण्याएवढी बॅटरी महिनाभर पुरायची. हे सगळं आईसाठी. आईचं जुनं यंत्र दुपारीच मान टाकायचं, मग ती उरलेला दिवस सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसायची.

साहेबांनी मीटर जोडला. तो मुळात पाण्याचे पंप तपासायला आणलेला. काटा ढिम्म हलला नाही.

"उपकरण बंद आहे," साहेब म्हणाले.

"बंद नाही हो, वीजच इतकी कमी खातं. तोच तर फायदा आहे."

"फॉर्मात फायद्याला रकाना नाही. चालू की बंद, एवढंच विचारलंय."

बाईंनी यंत्र साहेबांच्याच कानात घातलं. पलीकडच्या खोलीत शिपाई कुणाला तरी सांगत होता, आमच्या साहेबांना कशातलं काही कळत नाही. साहेबांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि यंत्र काढून ठेवलं.

"आलं ना ऐकू?"

"आलं. पण ते माझं वैयक्तिक मत झालं. कार्यालयाला काटा लागतो."

बाईंनी अपील केलं. समिती बसली, चहा प्यायली आणि तोडगा निघाला: यंत्राला वीज खाणारं काहीतरी जोडावं.

"काय जोडू?"

"दिवा लावा एखादा. लाल बरा दिसतो."

"कानामागचा दिवा दिसणार कुणाला?"

"काट्याला दिसेल."

दिवा लागला, काटा केसभर हलला, शिक्का बसला. 'उपकरणाच्या कामगिरीत लक्षणीय सुधारणा,' असा शेराही मिळाला. महिनाभराची बॅटरी तीन तासांवर आली.

बाई हट्टी. आणखी वर्षभर खेटे घालून त्यांनी बिनदिव्याच्या यंत्रालाही परवानगी मिळवली. कारखानदार म्हणाला, सहा महिने दोन्ही विकतो, लोकांना हवं ते पुढे चालू ठेवतो.

हसताय? हसा. कार्यालयाचं नाव काढलं की तुम्हाला जोर येतो. पण वडिलांसाठी यंत्र घ्यायला तुम्हीही त्या दुकानात गेला होतात. महिनाभर चालणारं यंत्र उलटंपालटं करून तुम्ही विचारलंत, "याला दिवा नाही? मग चालू आहे हे कळणार कसं?"

"वडिलांना विचारा की," दुकानदार म्हणाला.

तुम्ही दिव्याचं घेतलंत. सगळ्यांनी तेच घेतलं. सहा महिन्यांनी बिनदिव्याचं बंद झालं. बाईंच्या आईचं बिनदिव्याचं यंत्र पुढे बिघडलं, तर तसं दुसरं मिळेना. दिव्याचं लावून, दिवसाला एका बॅटरीवर, ती आता सकाळी दहा ते एक ऐकते.

तुमचे वडीलही तेवढंच ऐकतात. त्यांच्याशी कधी बोलावंसं वाटलंच, तर एकच्या आत बोला.