कारण चौथ्या पायरीवर मिळेल

ज्याला सांगता येत नाही त्याला कळलेलंच नसतं, हे शिक्षणशास्त्रातलं एक गंभीर सत्य आहे. (या हिशेबाने तान्ह्या बाळाला स्वतःची भूकही कळत नसणार, पण तान्ही बाळं शिक्षण खात्याच्या कक्षेत येत नाहीत.)

या सत्याला स्मरून खात्याने इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या भाषेच्या निकषांची गणित आणि विज्ञानाशी सांगड घातली. त्याआधी ही मुलं फक्त इंग्रजीत मागे होती. आता ती तिन्ही विषयांत सारखीच मागे आहेत, त्यामुळे विषयाविषयांतली तफावत पूर्णपणे दूर झाल्याचं अहवालात नमूद आहे.

एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंच्या प्रयोगशाळेत, बेसिनच्या वरच्या भिंतीवर पूर्वी मूलद्रव्यांचा तक्ता होता, तिथे आता पायऱ्यांचा तक्ता आहे. पहिली पायरी: मान डोलावणे व बोट दाखवणे. दुसरी: सुटा शब्द. तिसरी: पूर्ण वाक्य. चौथी: कारण. बोलायचं ते इंग्रजीतच. ज्या मुलाची जी पायरी, तेवढंच विज्ञान त्याला द्यावं, जास्तीचं त्याच्या हाती लागू देऊ नये, असा आदेश आहे. त्यामुळे पहिल्या पायरीच्या मुलांसाठी पाणी नुसतं असतं. दुसरीवर ते उकळतं. तिसरीवर ते शंभर अंशांना उकळतं. का उकळतं हे चौथीवर कळतं, पण तोवर बहुतेकांचं शाळा सोडायचं वय होतं. गणितातही हीच शिस्त. पहिल्या पायरीला बेरीज दिली आहे, कारण बोटं दाखवून भागतं. दहाच्या वरची बेरीज दोन मुलांनी मिळून करावी, अशी सोयही ठेवली आहे.

बाईंचा या योजनेवर विश्वास होता, म्हणजे वीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत टिकलेल्या बाईचा असतो तेवढा. तासाचा पहिला अर्धा भाग भाषेचं उद्दिष्ट फळ्यावर लिहिण्यात आणि मुलांकडून म्हणवून घेण्यात जाई. उरलेल्या वेळात हजेरी, आणि हजेरी लवकर आटोपली तर विज्ञान. खात्याच्या पाहणीत ऐंशी टक्के शिक्षक समाधानी आढळले. बाकीच्या वीस टक्क्यांना तोच प्रश्न मुख्याध्यापकांच्या खोलीत बसवून पुन्हा विचारला, तेव्हा तेही समाधानी निघाले.

अशात सातवीच्या वर्गात एक नवी मुलगी आली. वडील बंदरावर क्रेन चालवत, आई घरी शिवणकाम करी आणि घरात इंग्रजीचा गंध नव्हता. काहीही विचारलं की ती मान डोलावे, म्हणून वर्गाने तिचं नाव 'होयबा' पाडलं. बाईंना मात्र चार दिवसांत कळून चुकलं की पोरगी वर्गाच्या दोन धडे पुढे आहे. फळ्यावर बाईंचं एखादं चिन्ह चुकलं की हिच्या कपाळाला आठी पडे. (आठी कोणत्या पायरीत धरावी, याबाबत तक्ता मौन बाळगतो.) सरळ सांगायचं तर बाईंचा तिच्यावर जीव जडला होता. आणि म्हणूनच त्यांच्या जिवाला घोर होता. वर्षअखेरीला तिसऱ्या पायरीखालची सगळी मुलं 'सोप्या गणिता'च्या तुकडीत जाणार होती, आणि त्या तुकडीतून परत वर आलेलं एकही मूल बाईंनी पाहिलेलं नव्हतं. पायरी बदलायची तर एकच वाट होती: खात्याच्या समन्वयक साहेबांसमोर चाचणी.

साहेब आले. अत्यंत सज्जन माणूस. सांगड घालण्यात त्यांचा हात धरणारा खात्यात दुसरा कोणी नव्हता. मुख्याध्यापक त्यांच्या मागे अदबीने उभे राहिले. बाईंनी मेणबत्ती पेटवली आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा घातला. थोड्याच वेळात मेणबत्ती विझली. (का विझली, ते इथे देता येत नाही. वाचकांची पायरी अजून ठरलेली नाही.)

"हं, सांग बाळ," साहेब म्हणाले.

होयबाने सवयीने मान डोलावली. मग जागची उठली. शेजारी शेजारी दोन सारख्या मेणबत्त्या पेटवल्या, एकीवर पेला आणि दुसरीवर कपाटातली मोठी बरणी एकदमच उपडी घातली आणि साहेबांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. पेल्याखालची मेणबत्ती लगेच गेली. बरणीखालची बराच वेळ तगली, मग तीही गेली. मुलीने आधी पेल्यातल्या, मग बरणीतल्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं, एक मोठा श्वास घेतला आणि नाक दाबून धरलं.

साहेब भारावले. "वा. इतक्या शाळा फिरलो, पण एवढं सुंदर बोट दाखवणं कुठे पाहिलं नव्हतं."

"साहेब, तिने कारण दाखवलं."

"दाखवलं ना. पण सांगितलं नाही."

"सांगणार कशी? कारण सांगायचे शब्द चौथ्या पायरीआधी शिकवायचे नाहीत, असं तुमचंच परिपत्रक आहे."

"अगदी बरोबर. आणि ते शब्द आल्याशिवाय चौथी पायरी नाही. बघा बाई, सांगड कशी चपखल बसली आहे."

त्यांनी शेरा लिहिला: 'पहिल्या पायरीचा आदर्श नमुना. हलवू नये.'

बाईंचं डोकं फिरलं. पण फिरलेलं डोकंही नियमात बसवायची त्यांना सवय झाली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "वर्गात हजर असलेल्या प्रत्येक व्यक्तीची पायरी नोंदवावी, असंही परिपत्रकात आहे. साहेब, मेणबत्ती का विझली?"

साहेबांनी मेणबत्तीकडे पाहिलं. मग बरणीकडे. मग मुख्याध्यापकांकडे, पण त्यांना नेमकं तेव्हाच खिडकीबाहेर काहीतरी दिसलं होतं. शेवटी साहेब हसले, त्यांनी मान डोलावली आणि मेणबत्तीकडे बोट दाखवलं. बाईंनी रीतसर नोंद केली.

नोंद वर गेली आणि साहेबांना बढती मिळाली. वरच्या कार्यालयात मान डोलावणे व बोट दाखवणे एवढ्यावर सगळा कारभार चालतो, आणि दोन्हींत प्रमाणित असलेला माणूस सहजासहजी मिळत नाही. योजनेचं हे पहिलं ठळक यश मानलं जातं.

होयबा सोप्या गणिताच्या तुकडीत गेली. जाण्याआधी ती प्रयोगशाळेत आली. मोठी बरणी धुऊन, पुसून कपाटात ठेवली. दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"व्हाय?" तिने विचारलं.

हा शब्द तिने कुठून उचलला, देव जाणे. तक्त्यात तो चौथ्या पायरीवर आहे. पण चाचणी समन्वयकांसमोरच व्हावी लागते आणि साहेबांची जागा अजून भरलेली नाही. बाईंना उत्तर द्यायचं होतं, अगदी पोटातून द्यायचं होतं. पण त्यांनी मान डोलावली आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. मुलीने तक्त्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि कपाळाला आठी घालून ती निघून गेली.

आता राहिली वाचकांची पायरी. ही हकीकत वाचताना तुम्ही तीन-चार वेळा मान डोलावलीत. साहेबांकडे बोट दाखवून हसलातही. ती मुलगी त्या तुकडीत का गेली, हे कोणाला जाऊन विचारायला मात्र जागचे उठला नाहीत. नोंद घेतली आहे. आदर्श नमुना. हलवू नये.