चित्रास वीस, मनोगतास ऐंशी

कोणतंही काम प्रत्यक्ष करणं ही त्या कामातली सर्वांत किरकोळ बाब असते. ते का केलं, करताना आपल्या आत काय काय हललं आणि केल्यावर आपण पूर्वीचेच राहिलो की नाही, हे व्यवस्थित लिहून देणं म्हणजे शिक्षण. मला हे फार उशिरा कळलं. माझं सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. त्या धंद्यात लिफ्ट चालू झाली की लोक आत शिरतात आणि दार लावून घेतात. ती वर जाताना मेकॅनिकच्या मनात काय होतं, असं कुणी विचारत नाही. (मध्येच अडकली तर विचारतात, पण त्या भाषेत उत्तर देता येत नाही.)

कला शिकायला मी का गेलो, ते आधी सांगतो. माझी बायको मागच्या वर्षी गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा होता, म्हणून तिच्या ओळखपत्रावरचा फोटो मी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत मोठा करायला दिला. स्टुडिओवाला मन लावून काम करणारा माणूस. त्याने सुरकुत्या काढल्या, हनुवटीवरचा तीळ डाग समजून पुसला आणि तिची डावी भुवई, जी कायम उजवीपेक्षा थोडी वर असायची, ती खाली आणून पातळीत बसवली.

"काकूंना जरा शांत केलंय," तो म्हणाला.

उभ्या संसारात मला जे जमलं नाही, ते त्याने जेवणाच्या सुट्टीआधी करून दाखवलं होतं. मी पैसे देऊन आलो.

मुलगी घरी आली तेव्हा फ्रेमसमोर बराच वेळ उभी राहिली.

"बाबा, या कोण?"

"आई."

"ही? ही तर बँकेच्या जाहिरातीतली बाई वाटते. आईने हिला दारातूनच परत पाठवलं असतं."

तिचं बरोबर होतं. मी जेवायला बसलो की भिंतीवरून एक अनोळखी बाई माझ्याकडे सहानुभूतीने बघायची. माझी बायको माझ्याकडे अनेक प्रकारे बघायची, सहानुभूती त्यात नव्हती. मी "आलोच पाच मिनिटांत" म्हणालो की ती डावी भुवई वर जायची, आणि मी परत येईपर्यंत खाली यायची नाही. मला तो चेहरा भिंतीवर हवा होता. स्टुडिओवाला म्हणाला, वाकडं सरळ करता येतं, सरळ केलेलं वाकडं करण्याची सोय त्याच्या मशीनमध्ये नाही. तेव्हा आपणच चित्र काढायला शिकावं, असं मी ठरवलं.

आमच्या भागातली कला संस्था नावाजलेली आहे. रेखाटन, छायाचित्रण आणि डिझाइन असे तीन विषय, एक वर्षाचा अभ्यासक्रम, वयाची अट नाही. माहितीपत्रकाप्रमाणे तिथले ब्याण्णव टक्के विद्यार्थी 'स्वतःला नव्याने भेटतात'. (उरलेले आठ टक्के भेटायला गेले तेव्हा स्वतः घरी नसावेत.) प्रत्येक कामासोबत विद्यार्थ्याने मनोगत जोडायचं असतं. शंभरापैकी चित्राला वीस गुण, मनोगताला ऐंशी. ही विभागणी मला फार न्याय्य वाटते. चित्र सगळ्यांना दिसतं, त्याला कशाला जास्त गुण द्यायचे?

रेखाटनाच्या मॅडमनी पहिले काही आठवडे पेन्सिल दिलीच नाही. "काका, आधी हात विसरायला हवा," त्या म्हणाल्या. मग आम्ही डोळे मिटून काढलं, डाव्या हाताने काढलं, झाडूच्या दांडीला कोळसा बांधून लांबून काढलं. माझा हात चांगलाच विसरला गेला. घरी कुलपात किल्ली जाईना. मग एक दिवस पेन्सिल मिळाली आणि मॅडमनी वर्गाच्या मध्ये एक खुर्ची ठेवली. मी ती काढली. चार पाय, पाठ, एका पायाखाली दुमडलेला कागद.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "काका, ही खुर्ची आहे."

"हो."

"नाही, म्हणजे ही खुर्चीच आहे."

"हो, मॅडम."

"यात तुम्ही कुठे आहात?"

"मी समोर स्टुलावर होतो."

मॅडमनी मान हलवली आणि पुढे गेल्या. माझं पहिलं मनोगत असं होतं: 'मला बायकोचा चेहरा काढायला शिकायचं आहे. हात बसावा म्हणून खुर्ची काढली.' त्यावर लाल शाईत शेरा आला, 'हेतू फारच स्पष्ट. पुनर्विचार व्हावा.' शंभरात अकरा.

माझ्या शेजारी एक कुरळ्या केसांची मुलगी बसायची. सगळे तिला कुरळी म्हणत, मीही म्हणायचो. तिने माझा शेरा वाचला आणि कपाळाला हात लावला.

"काका, असं खरं नका हो लिहू."

"मग खोटं लिहू?"

"खोटंही नको. वाचणाऱ्याला काही कळलं नाही, पण न कळण्याची लाज वाटली, असं लिहायचं."

तिच्या शिकवणीचा फायदा छायाचित्रणात झाला. तिथल्या सरांच्या मते बघण्याआधी टिपणं ही हिंसा असल्यामुळे पहिलं सत्र कॅमेरे कपाटात होते. आम्ही बोटांची चौकट करून गावभर हिंडलो. दोन जण रिक्षाखाली येता येता वाचले, त्यांना 'एकाग्रता' या सदरात जादा गुण मिळाले. कॅमेरा हातात आल्यावर मी जिना काढायला गेलो आणि निघाला माझा अंगठा. संपूर्ण फोटोभर अंगठा. कुरळी म्हणाली, फेकू नका. तिने खाली लिहून दिलं, 'पाहणाराच पाहण्याच्या आड येतो तेव्हा.' शंभरात एक्क्याऐंशी. सरांनी तो अंगठा वर्गात फिरवला.

डिझाइनमध्ये घरातली एखादी अडचण घेऊन तिच्यावर वस्तू बनवायची होती. माझी अडचण साधी होती. सकाळी सवयीने चहा दोघांचा व्हायचा. मी चहाच्या भांड्यात एका कपाएवढ्या उंचीवर आतून खूण कोरली आणि भांडं दिलं. डिझाइनचे सर म्हणाले, "यात अडचण सुटते."

"हो, सर."

"मग उरलं काय?"

मी खूण होती तिथे भोक पाडून भांडं पुन्हा दिलं. नव्वद. मनोगताची गरजच नाही म्हणाले, तरी ऐंशीपैकी चौऱ्याहत्तर धरले.

एवढ्या प्रगतीत माझं मूळ काम मात्र मागे पडत होतं. वर्ग सुटल्यावर मी रेखाटनाच्या हॉलमध्ये बसून चेहरा काढायचो. बायको काढायला घ्यायचो आणि मेहुणा यायचा. तिचा भाऊच असल्यामुळे मी याला योग्य दिशा समजलो. कागद संपले, मेहुण्यांची थप्पी झाली. मग एका संध्याकाळी, शिपाई पंखे बंद करत असताना, नाक चुकलं, पण भुवई आली. तीच. थोडी वर. तिच्याकडे बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, निघालोच."

शिपायाला वाटलं, मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, "असू द्या, बसा."

मी तिथूनच मुलीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन चित्रासमोर धरला.

"बाबा, नाक चुकलंय."

"माहितीये."

"ही आता म्हणणार, अहो, आधी केस विंचरा." आणि तिने फोन बंद केला.

चित्र गुंडाळून घरी न्यायचं, एवढंच उरलं होतं. पण तो संस्थेचा शिक्क्याचा कागद होता आणि शिक्क्याचा कागद परीक्षेशिवाय दाराबाहेर जात नाही. हा नियम चांगला आहे, नाहीतर लोक चित्रं घरी नेऊन भिंतीवर लावतील. परीक्षेनंतर दोन शक्यता, नुसतं पास इथे कुणी होत नाही. नापास झालेलं काम विद्यार्थ्याने त्वरित उचलून न्यावं. विशेष प्रावीण्य मिळालेलं काम संस्थेच्या संग्रहात कायमचं जमा होतं, म्हणजे खाकी कागदात बांधून लोखंडी कपाटात जातं. उजेडाने चित्र खराब होतं आणि बघणाऱ्यांमुळे उजेड लागतो, म्हणून कपाट उघडत नाहीत.

म्हणजे मला नापास व्हायचं होतं. मी मनोगत लिहिलं: 'ही माझी बायको. नाक चुकलं आहे.' आणि निश्चिंतपणे कुरळीला दाखवलं. तिचा चेहरा पडला.

"काका, हे फार भारी झालंय."

"अगं, मागे अशालाच अकरा मिळाले होते."

"तेव्हा तुम्ही नवीन होतात. आता तुम्ही भोकाचं भांडं करणारे काका आहात. ऐका माझं, यात पोकळी घाला, अस्तित्व घाला, प्रवाह घाला. बाहेरचे परीक्षक असल्या शब्दांना विटलेत. शंभर टक्के नापास."

"तिच्या चित्राखाली पोकळी लिहू?"

"नाही लिहिलंत तर ती कपाटात जाईल."

मी पेन उघडलं. तीनदा 'पो' लिहिला आणि खोडला. भुवई माझ्याकडे बघत होती. जे होतं तेच दिलं.

तीन परीक्षक आले. चित्राकडे पाठ करून उभं राहिलं तर मनोगतावर चांगला उजेड पडत होता, त्यामुळे ते तसे उभे राहिले. एकाने चष्मा काढून पुसला. दुसऱ्याने विचारलं, "हे नाक म्हणजे नेमकं काय?"

"नाक," मी म्हणालो.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अठ्ठ्याण्णव गुण. दोन गुण चित्राचे कापले, ते 'किंचित उघड' असल्याबद्दल. त्याच दुपारी ती खाकी कागदात बांधली गेली.

मी संचालकांकडे अर्ज घेऊन गेलो: 'मला नापास करावे ही विनंती.' त्यांनी तो दोनदा वाचला आणि उठून माझा हात हातात घेतला. अर्ज कलाकृतीचा उत्तरार्ध म्हणून जोडण्यात आला आणि कापलेले दोन गुण परत मिळाले. अर्जही कपाटात गेला. मला आठवण म्हणून मनोगताची प्रत सोनेरी फ्रेममध्ये दिली. ती मी घरी स्टुडिओवाल्याच्या बाईखाली लावली आहे. येणारेजाणारे वाचतात, वर बघतात आणि म्हणतात, "छे, नाक तर बरोबर आहे."

तुम्ही म्हणाल, मोबाइलवर फोटो काढून घ्यायचा होता. काढला होता. माझं छायाचित्रणाचं शिक्षण झालेलं असल्यामुळे त्यात अंगठा आला. चित्रच पुन्हा का काढत नाही, असं मुलगी विचारते. रोज काढतो. रोज मेहुणा येतो.

आता एकच वाट उरली आहे. संस्थेच्या नियमावलीत शेवटी, जिथे कुणी पोचत नाही तिथे, असं कलम आहे की विद्यार्थ्याने आपल्या वर्षभराच्या कामाचं निवेदन कलेशी संबंध नसलेल्या सामान्य वाचकांपुढे ठेवावं, आणि त्यांना ते सामान्य वाटलं, तर प्रावीण्य रद्द होऊन काम परत मिळतं. हे तेच निवेदन आहे. मी ते जमेल तितकं कोरडं लिहिलं आहे. संस्थेचा माणूस वाचकांच्या प्रतिक्रिया गोळा करतो. तुम्ही फक्त म्हणायचं आहे, "ठीक आहे, एका म्हाताऱ्याने बायकोचं चित्र काढलं, त्यात काय." एवढ्यावर ती घरी येईल. 'भिडलं', 'अंतर्मुख झालो', 'शब्द नाहीत', यातलं एकही अक्षर तोंडातून काढू नका, कुणाला पाठवू तर मुळीच नका.

पण तुम्ही ऐकणार नाही, मला दिसतंय. आत्ता तुम्ही हा जो बारीकसा सुस्कारा सोडलात, तो संस्थेच्या माणसाने लिहून घेतला.