पाव फुगविण्याबाबत गल्लीस्तरीय कार्यवाही

अन्न, वस्त्र आणि निवारा मिळाल्यावर माणसाला चौथी गरज भासते, ती दुसऱ्याच्या अडचणीत सल्ला देण्याची. पहिल्या तीन गरजांसाठी शासनाने खाती उघडली, योजना काढल्या, रांगा लावल्या. चौथी गरज मात्र जनतेने स्वतःच्या हिमतीवर भागवली आहे. दिग्रसला आमच्या गल्लीत तर सल्ले इतके मुबलक आहेत, की अडचणीच कमी पडतात.

मी मारोतराव. पंचायत समितीच्या आस्थापना शाखेतून रिटायर झालो. उभी नोकरी मी 'अभिप्रायासह सादर' एवढंच लिहीत आलो, त्यामुळे कोणत्याही विषयावर ताबडतोब मत देण्याचा हात बसलेला आहे. (विषयाची माहिती असली तर मत द्यायला उगीच वेळ लागतो, हे जाणकारांना सांगायला नको.) मी मध्यंतरी एक पाहणी केली, ओट्यावर बसून. तीत असं आढळलं, की गल्लीतले शंभरातले ब्याण्णव सल्ले न मागता दिले जातात. उरलेले आठ कोणीतरी मागितलेले असतात, आणि ते देताना देणारा जरा अडखळतो.

सध्या आमच्याकडे दोन विषय जोरात आहेत: घरचा कॉम्प्युटर आणि घरचे पाव-केक. गुडघेदुखी आणि सोयरिकी हे जुने विषय चालू आहेत, पण त्यांत आता राम राहिला नाही.

कॉम्प्युटर हा विषय बाबूसिंगकडे आहे. बाबूसिंग बसस्टँडजवळ मोबाइलची कव्हरं विकतो. त्याची पात्रता अशी, की साळ्याचा बंद पडलेला कॉम्प्युटर त्याने एकदा बंद करून चालू केला आणि तो चालू झाला. त्या दिवसापासून त्याच्या शब्दाला वजन आहे. त्याची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. आधी बंद करून चालू करायचं. नाही जमलं तर जरा रागाने बंद करून चालू करायचं. मग सगळ्या वायरी काढून परत लावायच्या (एखादी उरली तर खिशात टाकायची). शेवटी 'व्हायरस हाये' म्हणायचं आणि चहा मागायचा.

पाव-केक हा विषय धुरपताबाईंकडे आहे, कारण गल्लीतला पहिला ओव्हन त्यांच्या घरी आला. मुलाच्या लग्नात आहेरात आला होता. बिल येईल म्हणून त्यांनी तो अजून लावलेला नाही, त्यात पापड ठेवतात. पण ओव्हन मध्येच उघडू नये हा नियम त्यांना तोंडपाठ आहे, आणि दुसऱ्याच्या घरी तो पाळला जातो की नाही हे बघायला त्या दर पाच मिनिटांनी ओव्हन उघडून पाहतात.

आता दीपाची हकीकत सांगतो.

दीपा म्हणजे शेजारच्या इंदूबाईंची सून. नवरा अतुल आमच्या गल्लीमागच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हिशोबाला आहे आणि राहिलेलं काम घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर करतो. दीपा व्हिडिओ पाहून पाव करायला शिकली. कसे पाव म्हणता! बोटाने दाबला तर पुन्हा वर यायचा. यंदा जानेवारीत गावातल्या एका शाळेच्या बाईंनी तिला गॅदरिंगच्या पावभाजीचे पाव सांगितले, आणि म्हणाल्या, हे चांगले निघाले तर कँटीनचं वर्षभराचं काम तुझंच. लग्न होऊन आल्यापासून त्या पोरीला स्वतःचं असं हे पहिलंच काही मिळत होतं. ते मिळावं असं मलाही मनापासून वाटत होतं. खोटं कायला बोलू?

तिची रीत अशी होती. मैदा मळायचा, जर्मनच्या गंजात (म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात) घालायचा, वर ओलं फडकं पिळून झाकायचं, आणि गंज अतुलच्या खोलीत सीपीयूच्या डोक्यावर ठेवायचा. स्वयंपाकघरात जागा नव्हती, फळीवर मांजर बसायचं, म्हणून तिथे. दोन तासांत पीठ टम्म फुगायचं. का फुगतं, हे कोणी विचारलं नाही. चालू असलेल्या गोष्टीची चौकशी करण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

गॅदरिंगच्या दोन दिवस आधी अतुल बोंबलत बाहेर आला. कॉम्प्युटर दर अर्ध्या तासाला आपोआप बंद पडत होता आणि जिनिंगचा हिशोब अर्ध्यावर लटकत होता. असं ऐकल्यावर घरी बसवतं का कोणाला? आम्ही जमलो. बाबूसिंगने बंद करून चालू केलं, वायरी काढून लावल्या, आणि चौथ्या टप्प्याआधी त्याला काय बुद्धी झाली देव जाणे, त्याने पेटी उघडली.

आत रुई! हंगामात आमच्या गल्लीत रुई उडते. ती वाळवणावर बसते, वरणावर बसते, नवरदेवाच्या कोटावर बसते, आणि आम्ही तिला कचरा म्हणत नाही. ती सीपीयूच्या पंख्यावर अशी बसली होती की लहान लेकराची उशी भरली असती. पंखा फिरायचाच बंद झाला होता. धुरपताबाई म्हणाल्या, "अवं माय, चांगली रुई हाये, वाया काहून घालता?" आणि पदरात घालून वाती वळायला घेऊन गेल्या.

पंखा सूं सूं फिरू लागला. अतुलने सगळा हिशोब एका बैठकीत संपवला. बाबूसिंगने दोनदा चहा घेतला. गल्लीच्या इतिहासात एखादा सल्ला कामी आल्याची ही पहिलीच नोंद होय.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीपाने गॅदरिंगचं पीठ मळलं आणि नेहमीच्या जागी ठेवलं. दोन तासांनी पाहिलं, तर जसंच्या तसं. चार तासांनी पाहिलं, तर आणखी जसंच्या तसं. बाहेर बोचरी थंडी, सकाळी पाव शाळेत पोचवायचे, आणि पीठ गंजाच्या तळाशी रुसून बसलेलं. दीपाचा चेहरा पाहवेना.

आम्ही पुन्हा जमलो. तीच माणसं, फक्त विषय बदललेला, त्यामुळे सल्ले बदलायची गरज पडली नाही. बाबूसिंग म्हणाला, पहिल्यापासून परत मळा. धुरपताबाई म्हणाल्या, नजर लागली. इंदूबाईंनी यीस्टच्या पुडीवर संशय घेतला. मी 'तूर्त वाट पाहावी' असा अभिप्राय दिला, जो आजवर कधीच चुकीचा ठरलेला नाही.

दीपाने सहज सीपीयूवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"काका, हे थंडं पडलं. याच्याच गरमीनं पीठ फुगत होतं माहं."

मग बाबूसिंग हळूच म्हणाला, "म्हंजे म्या नीट केला, थेच चुकलं का?"

"हाव," दीपा म्हणाली. राग नव्हता त्यात, रडू होतं.

तेव्हा सर्वानुमते ठरलं, की कॉम्प्युटर पूर्ववत बिघडवण्यात यावा. बाबूसिंगला वाटलं, हे तर डाव्या हाताचं काम. पण बिघडवायला बसलं की यंत्रालाही माणसासारखीच खोड येते. त्याने वायरी मुद्दाम चुकीच्या लावल्या, तर चुकीच्या भोकांत त्या जाईनातच. घरातल्या तिन्ही लग्नांचे व्हिडिओ एकदम लावले. वरून चाळीस खिडक्या उघडल्या. कॉम्प्युटर सगळं हसत खेळत करत होता. इतकी ठणठणीत तब्येत त्याची नवा होता तेव्हाही नव्हती.

अतुल हात जोडून म्हणत होता, "अबे, माह्या मालकाचा हिशोब हाये त्याच्यात!" पण सार्वजनिक कामात वैयक्तिक अडचणी बघत नाहीत.

मग काढलेली रुई परत भरायचं ठरलं. तोवर धुरपताबाईंनी तिच्या वाती वळल्या होत्या. त्यांनी मोठ्या मनाने त्या परत आणल्या, आणि देवासमोर लावायच्या वाती आम्ही एकेक करून पंख्यात घातल्या. पंख्याने त्या एकेक करून बाहेर फेकल्या. एक इंदूबाईंच्या अंबाड्यात जाऊन बसली, ती मुलांनी नंतर हसता हसता काढली.

दरम्यान गंजासाठीही सल्ले येतच होते, आणि सगळे अमलात येत होते. गोधडीत गुंडाळा. गुंडाळला. छे, चुलीजवळ ठेवा. नेला. चुलीजवळ करपन ना, कोमट पाण्यात ठेवा. ठेवला. पाण्यात कायले, बंद ओव्हनात ठेवा. ठेवायला निघाले. यातला प्रत्येक सल्ला बरोबर होता असं मी आजही शपथेवर सांगीन. फक्त पुढचा सल्लागार पाच मिनिटांत येत असल्यामुळे गंज कुठेही पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकत नव्हता. पीठ फुगण्याऐवजी घरभर फिरून दमलं.

शेवटी दीपाचा तोल गेला. एवढी गरीब पोरगी, पण काय कडाडली!

"बस्स! आता गंजाले कोनी हात लावाचा नाई! जे बोलाचं थे बसून बोला. कँटीन गेलं माहं, तं जाऊ द्या."

तिने गंज खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. आम्हालाही वाईट वाटलं. इतकं वाईट वाटल्यावर उठून जाणं बरं दिसत नाही, म्हणून आम्ही गंजाभोवतीच बसलो. इंदूबाईंना गार वारा सोसत नाही, त्यांनी दार-खिडकी लावून घेतली. तोवर बातमी पसरली होती. येईल तो दार किलकिलं करून आत शिरायचा आणि 'काय झालं बापा?' विचारून बसायचा. दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही वीस-बावीस जण झालो. चूक कोणाची यावर चर्चा सुरू झाली, ती बाबूसिंगवरून त्याच्या साळ्यावर गेली, साळ्यावरून जिनिंगवर, आणि जिनिंगवरून गल्लीतली नाली कोणी तुंबवली यावर येऊन पेटली. मी मफलर सोडला. बाबूसिंगने स्वेटर काढलं. धुरपताबाई पदराने वारा घेत ओरडत होत्या, आणि जानेवारीच्या थंडीत आमच्या कपाळावरून घाम गळत होता.

"आई," दीपा एकदम म्हणाली, "फडकं पाहा."

फडकं वर आलं होतं. पिठाने गंजाचा काठ ओलांडला होता.

मग एकच गलका उठला. धुरपताबाई म्हणाल्या, माह्या वातीचं पुन्य. बाबूसिंग म्हणाला, लग्नाचे व्हिडिओ उशिरा लागू पडले. इंदूबाई नवस बोलल्या होत्या म्हणे, कोणाला तेव्हा ऐकू आला नव्हता. वाट पाहावी हे मी सुरुवातीलाच म्हटलं होतं, हे मी सर्वांच्या निदर्शनास आणून दिलं. दीपा एकेकाकडे बघत होती, मग पिठाकडे, मग बंद दाराकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

गॅदरिंगला पाव पोचले. पोरांनी भाजी संपल्यावर नुसते पाव खाल्ले. कँटीनचं काम दीपाला मिळालं. ती पेढे घेऊन आली तेव्हा मला भरून आलं, ते मी लपवलं नाही.

आणि आम्हाला सांगायला अभिमान वाटतो, की तेव्हापासून दीपा रोज सल्ला मागते. रोज! संध्याकाळी हाक येते, "काका, या ना, मले काई समजूनच नाई राह्यलं." आम्ही जातो. ती सतरंजीवर गोल बसवते, मधे गंज, दार लावलेलं. एवढ्या आदराने ऐकणारी सून जिल्ह्यात नसेल. आमचं ती काहीच अमलात आणत नाही हा भाग वेगळा. थंडी जास्त असली की ती विषयही मोठा काढते, नालीचा किंवा थेट निवडणुकीचा. त्या दिवशीचे पाव जास्त मऊ होतात असं शाळेच्या बाईंचं निरीक्षण आहे. काही जळके लोक म्हणतात, हिने तुम्हाला सीपीयूच्या जागी बसवलं. मी यावर विचार केला. सीपीयूला वीज लागत होती, आम्ही फक्त चहा घेतो, म्हणजे यात घराची बचतच आहे.

अडचण एकच आहे. कँटीनमुळे आता गंज दोन झाले, आणि गल्लीतली माणसं तेवढीच.

म्हणून मी परवा दीपाला तुमच्याविषयी सांगितलं. म्हटलं, पोरी, ही हकीकत वाचणारे जे आहेत ना, ते केव्हाचे मनात म्हणताहेत, की गंज कोमट पाण्यावर ठेवायचा, वर ताट झाकायचं, आणि कोणी हलवायचा नाही, एवढी साधी गोष्ट यांना कळू नये? काहींना तर कॉम्प्युटरचंही सुचलं आहे. त्यांना ते सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. फोन नंबर देऊ का तुझा?

तिने तुमचा सल्ला काय आहे हे विचारलं नाही.

"फोनवर नोको, काका," ती म्हणाली. "घरी येऊ द्या त्याईले. अन् जे आंगानं जाडजूड असन, त्याईले पहिले पाठवा. थंडी लय वाढून राह्यली."