डोमाजीकाकांची बोली

लिलावात स्वतःच्याच बोलीवर स्वतःच बोली चढवणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे डोमाजीकाका.

गोंदियात बंद पडलेल्या राइस मिलच्या मागे आमची लाईन आहे. एकमेकांना चिकटलेली, कवेलूंची म्हणजे कौलांची जुनी घरं. दोन संसारांत भिंत एकच. मोबाइल नुकते आले होते त्या सुमारास त्यातलं एक रिकामं घर लिलावात निघालं. काकांसमोर बोली लावणारं दुसरं कोणीच नव्हतं. तरी काका उठले आणि रक्कम वाढवली.

लिलाववाले साहेब म्हणाले, "काका, आधीची बोली तुमचीच आहे."

"मालूम हाये जी. पन रिक्स नाही घ्याची."

रेल्वेत जन्मभर सिग्नल सांभाळलेला हा माणूस. कुलूप लावलं की त्याला लोंबकळून बघणार. नागऱ्याच्या देवळात एक चप्पल या टोकाला काढणार, दुसरी त्या टोकाला. चोराला जोडी मिळायला नको. अशा माणसाने हे घर घ्यावं याचंच सगळ्यांना नवल. छताच्या लाकडी फाट्यांना वाळवी, ओट्याला भगदाड, मोरीत पिंपळ. त्यात शेजारी सुकराम, काकांचा सख्खा धाकटा भाऊ. एकटा आणि दम्याने बेजार. कामठा गावातल्या धानाच्या बांधीवरून, म्हणजे शेताच्या एका तुकड्यावरून, दोघं भांडले होते, तेव्हापासून बोलणं बंद. भावाच्या नाकावर टिच्चून घर घेतलं, असं अख्खी लाईन म्हणाली.

काकांनी ते घर ज्या पद्धतीने उभं केलं, ते बघून मात्र मी थक्क झालो. एकेक कवेलू कानाशी धरून वाजवायचे, बद्द वाजलं की बाजूला. भिंतीत पाणी मुरू नये म्हणून भावाच्या छताचेही काठाचे कवेलू त्यांनीच काढून नव्याने बसवले. सुकराम अंगणात उभा राहून बघत होता. त्याने हटकलं मात्र नाही.

पावसाळ्याआधी काकांनी टँकर बोलावून छतावर पाणी सोडलं आणि स्वतः आत जाऊन बसले. एक थेंब गळला नाही. बाहेर आले तेव्हा हातात उघडी छत्री.

"छत्री काऊन जी?" मी विचारलं.

"रिक्स," काका म्हणाले.

शेवटी मधल्या भिंतीतली वरची फट तेवढी उरली. गवंडी थापी घेऊन शिडी चढला, तर काकांनी शिडीच धरली.

"थे राहू दे."

"काऊन जी? विंचू येतीन ना," गवंडी म्हणाला.

"येऊ दे. इथून सुकरामचा खोकला आयकू येते. दम लागून त्याचा आवाज बंद झाला, त मले समजाले पाहाजे. त्याच्यासाठीच तं घर घेतलो."

काका नेहमीच्याच आवाजात बोलले आणि सिमेंटचं घमेलं बाजूला सारलं. भांडण जिथल्या तिथे ठेवून भावाची एवढी राखण करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पलीकडे सुकराम खोकत होता, तो थांबला. काकांचा चेहरा उतरला. ते दाराकडे धावणार, तेवढ्यात फटीतून आवाज आला.

"भाऊ, मी दाराले कडी लावत नाही."