दोन टोकांची केबल

"केबल मी घरीच बनवणार! विकतची कशाला?"

हे मी इतक्या जोरात म्हणालो, की बोललं कोण म्हणून बायकोने मागे वळून पाहिलं. एरवी वाचनालयात माझ्या खुर्चीत दुसरा बसला, तर मीच त्याची माफी मागतो.

पण प्रश्न कादंबरीचा होता! नऊ वर्षं लिहिलेली, माझ्या हिशेबाने चारशे पानांची, कुणालाही न दाखवलेली कादंबरी माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरात पडून होती. त्याला आता घरघर लागलेली. तो बंद पडायच्या आत ती नव्या कॉम्प्युटरवर आणायची होती.

दोन्ही कॉम्प्युटर जोडणाऱ्या केबलची पुस्तकातली कृती सोपी होती. एका यंत्राची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या पिनेला लागली पाहिजे. म्हणून एका टोकाला, फक्त एकाच, तांबडी आणि पिवळी तार उलटसुलट जोडायची. मी तापल्या कथलाचा डाग देऊन जोडली. बोट भाजलं. मग पाहतो तर जोडावर बसवायचं टोपण टेबलावरच! ते तारेत आधी ओवायचं असतं. सगळं उखडलं, पुन्हा जोडलं, दुसरं बोट भाजलं.

आणि कॉम्प्युटर ढिम्म! भांडलेल्या नवराबायकोसारखे दोघे शेजारी गप्प.

"बाबा," सुट्टीला आलेले आमचे इंजिनिअर जावई म्हणाले, "तारा उलटवायच्या तुम्ही विसरला असाल, म्हणून तुम्ही अंघोळीला गेल्यावर मी या टोकाला उलटवल्या."

"मी त्या टोकाला उलटवल्या होत्या! दोनदा उलटलं की सुलट होतं, एवढंही कळत नाही? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

आयुष्यात पहिल्यांदा मी जावयावर ओरडलो आणि गच्चीत जाऊन बसलो. मग नेहमीची शंका आली. ते इंजिनिअर, काम त्यांचंच चांगलं असणार. ते जेवायला बसल्यावर मी गुपचूप माझं टोक सुलट केलं.

केबल लावली. ढिम्म!

"आता काय केलंत?" मी किंचाळलो.

"तुम्ही रागावलात, म्हणून गच्चीत होता तेव्हा मी माझं सुलट केलं."

"मीही!"

"पुरे!" बायको कडाडली. "एकाने करा, दुसऱ्याने हाताची घडी घाला! अहो, घडी तुम्ही घाला."

मी दात खात घडी घातली. जावयांनी एकच टोक उलटवलं, आणि कादंबरी सरसर आली. चहा निवायच्या आत संपलीसुद्धा!

पानं अकरा.

"उरलेली कुठे सांडलीत? माझी नऊ वर्षं होती ती!"

जावयांनी जुन्या कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. तिथेही अकराच.

"त्यांच्यावर काय ओरडताय?" बायको म्हणाली. "सकाळी पान लिहायचात आणि संध्याकाळी 'छे, जमलं नाही' म्हणून पुसायचात. नऊ वर्षं बघत होते मी."

ओरडायला मी तोंड उघडलं होतं. पण या केबलच्या दोन्ही टोकांना मीच होतो.