वाल्दोमिरोची पत

"बँकेचं डोकं कसं चालतं ते मला तोंडपाठ आहे!" वाल्दोमिरोने टेबलावर मूठ आपटली. "महिन्याभरात क्रेडिट कार्डाची मर्यादा तिप्पट करून दाखवतो. नाही केली तर नाव बदलीन!"

हा माणूस मूठ आपटायला लागला की शहाण्याने घरातल्या काचेच्या वस्तू आवरून ठेवाव्यात. पण त्याच्या बायकोला, जुरेमाला, दुसरा इलाज नव्हता. तिचा ओव्हन गेला होता. मे महिन्यातल्या पहिल्याच केकला त्याने आतून एक उसासा टाकला आणि कायमचे डोळे मिटले. आणि जूनमध्ये सां जुआंव या संताचा सण! त्या महिन्यात सगळं कारुआरू शहर मक्याशिवाय दुसरं काही खात नाही. मक्याचा केक, मक्याची खीर, मक्याच्या पानात बांधून उकडलेल्या गोड पामोन्या. वर्षभर जुरेमा जे कमावते त्यातलं निम्मं या एका महिन्यात. त्यातून यंदा चर्चच्या जत्रेतले सगळे केक तिच्याकडे आले होते. ते जमले नाहीत तर ऑर्डर जाणार कोपऱ्यावरच्या मार्लुसेकडे. मार्लुसेचे केक भिंत बांधायला बरे पडतात, पण तिचा ओव्हन धडधाकट होता ना!

दुकानात नवा ओव्हन बारा हप्त्यांत, बिनव्याजी मिळत होता. गोम एकच. हप्ते बारा असले तरी कार्डात पहिल्याच दिवशी पूर्ण किमतीएवढी मर्यादा मोकळी पाहिजे. वाल्दोमिरोच्या कार्डात ओव्हनचं दारसुद्धा येत नव्हतं.

"अरे, पण करणार काय तू?" जुरेमाने विचारलं.

"ते माझ्यावर सोड. तू फक्त दुकानात गेलीस की पावतीवर माझा नंबर घालायला सांग."

हा नंबर म्हणजे सरकारने प्रत्येकाला दिलेला कराचा नंबर. लग्नाची तारीख विसरेल पण तो नंबर कुणी विसरत नाही, कारण सुईदोरा घ्यायला गेलं तरी गल्ल्यावरची पोरगी विचारतेच, "पावतीवर नंबर घालू?"

आता ही अक्कल वाल्दोमिरोची स्वतःची नव्हती. ती होती निल्दो न्हाव्याची. निल्दोला जगातल्या सगळ्या गोष्टी ठाऊक असतात, फक्त दोन्ही कल्ले सारखे कसे कापायचे ते सोडून.

"हे बघ दादा," निल्दो कात्री वाजवत म्हणाला होता, "बँक तुला ओळखते का? नाही. तू ड्रायव्हिंग शिकवतोस, सज्जन आहेस, हे तिला ठाऊक आहे का? नाही. ती बघते काय? तुझा नंबर! तुझ्या नंबरावर जितकी खरेदी, तितका तू मोठा माणूस. माझ्या मेव्हण्याने असंच केलं. आता त्याची मर्यादा बघशील तर चक्कर येईल!"

"पण माझी खरेदी ती केवढी?"

"म्हणून तर गल्ली असते ना!"

झालं! वाल्दोमिरोने घरोघरी फिरून गळ घातली. कुठेही काही घ्या, पावतीवर नंबर माझा सांगा. आणि जुरेमाला मात्र बोलू नका हं, तिला एकदम चकित करायचं आहे. गल्लीने आनंदाने मान डोलावली. फुकटात उपकार करायला मिळाले तर आमची गल्ली कधी मागे राहत नाही. दोन दिवसांत शेंबडी पोरंसुद्धा वाल्दोमिरोचा नंबर गाण्यासारखा म्हणायला लागली.

इकडे वाल्दोमिरो रोज सकाळी कॉफीच्या आधी फोन उघडायचा आणि 'मर्यादा वाढवा' हे बटण दाबायचा. रोज एक हसरा चेहरा यायचा, आणि खाली अक्षरं : 'सध्या वाढ उपलब्ध नाही. प्रयत्न करत राहा!'

"हसतो काय मेल्या!" वाल्दोमिरो फोनवर खेकसायचा. मग चिडून त्याने दिसेल त्या कंपनीच्या कार्डाला अर्ज ठोकले. एक नाही तर दुसरी देईल! एकीनेही दिलं नाही.

जुरेमा तोवर शेजारच्या दोरालिसकाकूंच्या इवल्याशा ओव्हनमध्ये केक भाजत होती. एकेक करून. त्यात एक दिवस बोट भाजलं म्हणून ती मलम आणायला औषधांच्या दुकानात गेली. नवऱ्याने सांगितल्याप्रमाणे इमानदारीत त्याचा नंबर सांगितला.

काउंटरवरच्या पोरीने पडद्यावर बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अय्या! या नंबराचे तर आमच्याकडे किती पॉइंट झालेत! मलमावर सवलत नाही ताई, तुम्ही नेहमी घेता त्यावरच असते. बाळाच्या डायपरवर आहे. मोठ्या मापाच्या. दूध पावडरवर आहे. केसांच्या काळ्या रंगावर आहे. आणि ती..." तिने आवाज खाली आणला, म्हणजे मागच्या रांगेपर्यंतच ऐकू जाईल इतकाच, "पुरुषांची निळी गोळी असते ना, तिच्यावर तर एकावर एक फुकट!"

जुरेमाचं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती. घरात बाळ नव्हतं. नवऱ्याच्या डोक्यावर रंगवायला केस नव्हते. आणि गोळीचं म्हणाल, तर तो माणूस जेवल्यावर नऊला घोरायला लागतो.

मलम तिथेच ठेवून ती निघाली. भर रस्त्यात, शिकाऊ मुलाला गाडी मागे घ्यायला शिकवणाऱ्या वाल्दोमिरोला तिने खिडकीतून कॉलर धरून गाठलं.

"किती महिन्यांचं आहे?"

"काय?"

"बाळ! मोठ्या मापाचे डायपर लागतात म्हणजे चालत असेल एव्हाना! कोण आहे ती? तिच्यासाठी केस काळे करतोस? कुठले केस रे, कुठले?"

शिकाऊ मुलाने घाबरून ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबलं आणि गाडी मार्लुसेच्या कुंड्यांवर गेली. मार्लुसे बाहेर आली, तिच्यामागून अख्खी गल्ली बाहेर आली.

"अगं ऐक तर! डायपर दोरालिसकाकूंचे आहेत!"

"काकूंना डायपर लागतात?"

"नातवाला गं बाई, नातवाला!" काकू फाटकातून ओरडल्या. "तुझ्या नवऱ्यानेच सांगितलं, नंबर माझा घाला म्हणून! आम्ही आपला हातभार लावला!"

जुरेमाचा हात जरा सैलावला. "आणि केसांचा रंग? ती गोळी?"

आता वाल्दोमिरोने आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. त्याने बोट दाखवलं.

सगळ्यांनी बोटाच्या रोखाने पाहिलं. तिकडे उभे होते अबेलार्दोकाका. वय सत्तर, बायको जाऊन तीन वर्षं, केस कोळशासारखे काळे. आणि चर्चच्या जत्रा समितीचे अध्यक्ष. केकची ऑर्डर त्यांच्याच सहीने निघणार होती.

"मी?" काका थरथरायला लागले. "माझ्यावर आळ? भर रस्त्यात? देवाच्या कामात आयुष्य घातलेल्या माणसावर? जुरेमा, केकचं मला पुन्हा बघावं लागेल. मार्लुसेचा ओव्हन चालू आहे, असं ऐकतो."

"एकदम झकास चालू आहे, काका!" मार्लुसे फुटक्या कुंड्यांमधून म्हणाली.

जुरेमाने नवऱ्याकडे पाहिलं. मग काकांकडे. तिच्या डोळ्यांपुढून सणाचा अख्खा महिना निघून चालला होता. मग तिने अ‍ॅप्रनच्या टोकाने कपाळ पुसलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"काका, माफ करा. उगाच तुमचं नाव घेतलं याने. रंग, गोळ्या, सगळं माझ्याच नवऱ्याचं आहे. तो तसाच आहे. काय करू, नशीब माझं!"

"जुरेमा!" वाल्दोमिरो किंचाळला.

"गप्प बस!"

काकांचा चेहरा निवळला. त्यांनी वाल्दोमिरोच्या खांद्यावर मोठ्या मायेने हात ठेवला. "सांभाळ हो. या वयात हृदयावर ताण येतो." आणि ऑर्डर राहिली.

पण ओव्हन कुठे होता? दुसऱ्या दिवशी जुरेमा नवऱ्याला ओढतच बँकेत घेऊन गेली. टेबलापलीकडच्या बाईंनी शांतपणे वाल्दोमिरोचं खातं उघडलं.

"साहेब, तुमची मर्यादा वाढणार नाही. उलट कालच कमी झाली."

"कमी? आणि माझ्या पावत्या? महिनाभर गल्लीने औषधं खाल्ली, बिअर प्यायली, सगळी माझ्या नंबरावर!"

"कोण काय खातं ते आम्हाला दिसत नाही. आम्ही बघतो खात्यात दर महिन्याला काय येतं, बिलं वेळेवर भरली जातात का, आणि आहे त्या मर्यादेतली किती अडकली आहे. तुमची निम्मी टायरांच्या हप्त्यांत अडकली आहे."

"भावाला घेऊन दिले हो, अडला होता बिचारा..."

"शिवाय तुम्ही रोज सकाळी वाढ मागता. दहा ठिकाणी अर्ज केलेत. यंत्राला वाटतं, हा माणूस बुडतोय. बुडणाऱ्याला कोण देतं?"

वाल्दोमिरोने कपाळावर हात मारला. बाई जुरेमाकडे वळल्या. "तुमचं खातं आहे का?"

तिचं होतं. केकचे पैसे लोक वर्षानुवर्षं फोनवरून त्यातच पाठवत. विजेचं बिल तिच्या नावावर, गॅसही, एकदाही उशीर नाही. बाईंनी बोटं चालवली आणि भुवया उंचावल्या.

"अहो, तुम्हाला तर हवी तेवढी मर्यादा देता येते! तुम्ही कधी मागितलीच नाही?"

"मला कुठे बँकेचं डोकं पाठ आहे?" जुरेमा म्हणाली.

ओव्हन आला. केक झाले, जत्रेत संपलेसुद्धा. सगळं मार्गी लागल्यावर जुरेमाने आपल्या कार्डावर नवऱ्यासाठी जोडकार्ड काढलं. त्याची मर्यादा किती ठेवायची हे मुख्य कार्डवाल्याने ठरवायचं असतं. ती स्वयंपाकघरात फोन घेऊन बसली, समोर वाल्दोमिरो.

"भावाला टायर?"

"नाही."

"निल्दोचा सल्ला?"

"या जन्मात नाही."

तिने बराच विचार केला. बँकेलाही एवढा वेळ लागत नाही.

"पन्नास रेआल."

"पन्नास? अगं, यात पेट्रोलसुद्धा..."

"प्रयत्न करत राहा," जुरेमा म्हणाली आणि हसरा चेहरा केला.

व्हायचं तेच झालं, वाल्दोमिरोचं डोकं ठणकायला लागलं. तो नवं कार्ड घेऊन औषधांच्या दुकानात गेला. रांगेत मागे दोरालिसकाकू, मार्लुसे आणि चर्चच्या चार बायका.

"डोकेदुखीची गोळी. आणि पावतीवर नंबर नको!"

पोरीने मान वर केली आणि गोड हसली. "मी ओळखते तुम्हाला दादा, नंबर पाठच आहे. पण डोकेदुखीच्या गोळीवर तुम्हाला सवलत नाही बसत. ती निळी देऊ? एकावर एक फुकट आहे अजून!"

मागच्या सहाही बायकांनी एकदम खाली बघितलं. वाल्दोमिरोने चडफडत पूर्ण पैसे भरले आणि कुणाकडेही न बघता बाहेर पडला. दारात अबेलार्दोकाका उभे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, त्याच्या कानाशी वाकले आणि हळूच विचारलं,

"फुकटची ती तू घेणार नसशील... तर तुझा नंबर सांगितला तर चालेल ना?"